उद्यापन नसलेलें व्रत

ग्रंथांचें परीक्षण करणाऱ्यानें ग्रंथांपुरतेंच पाहावें, हातांतल्या यंत्राकडे वळूं नये, असा एक समज आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. ज्या वस्तूला कांहीं सांगावयाचें आहे, जी वाचणाराच्या मनावर ठरवून परिणाम घडवूं पाहते, आणि त्यासाठीं शब्द, चित्रें, कथानक व पात्रें यांची योजना करते, ती वस्तु कागदावर असो वा कांचेवर असो, टीकेचा विषय झालीच. सवयींची नोंद ठेवणारीं जीं ॲपें आज सुशिक्षित घरांतून मोबाइलवर दिसतात, तीं या व्याख्येंत पुरेपूर बसतात. किती पावलें चाललों, किती पेले पाणी प्यालों, परक्या भाषेचा पाठ झाला कीं नाहीं, ध्यानाला किती मिनिटें बसलों, याची खूण त्यांत करावयाची. खूण केली कीं चौकोन रंगतो, गोड आवाज होतो, एखादें रत्न मिळतें, आणि आज सलग कितवा दिवस, तो आकडा डोळ्यांपुढें येतो. आजोबांपासून चौथींतल्या नातीपर्यंत अनेकांच्या दिनक्रमाचीं सूत्रें या आकड्याच्या हातीं गेलीं आहेत. वाचकावर असा रोजचा ताबा एखाद्या कादंबरीला क्वचित्‌च मिळतो. तेव्हां या ॲपांची परीक्षा करणें आम्ही आमच्या कामाबाहेरचें समजत नाहीं.

परीक्षेसाठीं तीन ॲपें आम्हीं समोर ठेवलीं आहेत: भाषा शिकविणारें ड्युओलिंगो, दिनक्रमाचा खेळ करणारें हॅबिटिका, आणि नुसती नोंद ठेवणारें लूप हॅबिट ट्रॅकर. माणसाकडून काम करून घेण्यांत अशीं ॲपें पुष्कळ अंशीं यशस्वी होतात, याविषयीं वाद नाहीं. त्या यशाच्या पोटीं माणसाच्या स्वतःच्या इच्छेचें काय होतें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, सत्कृत्यांची गणती करणें ही कांहीं या यंत्रांनीं आणलेली नवी गोष्ट नव्हे. आपल्या देवघरांतील जपमाळ म्हणजे गणतीचेंच साधन. समर्थ रामदासांनीं नाशिकजवळच्या टाकळी येथें बारा वर्षें राहून त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटि जप केला, अशी परंपरा आहे. म्हणजे मोजणें आपल्या संतांनाही वर्ज्य नव्हतें. रामनाम लिहून भरलेल्या वह्या जपून ठेवणारीं घरें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. चातुर्मासांतील नेम, सोळा सोमवार, एक लक्ष दूर्वा, हीं सर्व व्रतें संख्येच्या आधारानेंच उभीं आहेत. मोजण्यानें मन क्षुद्र होतें, असा सरसकट आक्षेप घेणाऱ्यानें आधीं आपल्या आजीच्या हातांतील माळेचा विचार करावा.

पाश्चात्त्यांकडेही हीच गोष्ट आढळते. अमेरिकेचा मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यानें आपल्या आत्मचरित्राचा जो भाग १७८४ सालीं पॅरिसजवळच्या पासी या गांवीं लिहिला, त्यांत आपल्या तरुणपणींच्या एका वहीचें वर्णन आहे. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा असे तेरा सद्गुण त्यानें निवडले. प्रत्येकाला वहींत एक पान दिलें. पानावर आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने आंखले. एका आठवड्यांत एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचें, तेरा आठवड्यांत एक आवर्तन पुरें करावयाचें, आणि वर्षांत अशीं चार आवर्तनें. येथपर्यंत आजच्या ॲपांची ही आजी शोभते. पण एक भेद मोठा आहे. फ्रँकलिन काळा ठिपका देई तो दोष घडल्याबद्दल. निर्दोष पान कोरें राही. ज्या दिवशीं सर्व नीट झालें त्या दिवशीं त्याला वहींत कांहींच लिहावें लागत नसे. आजच्या ॲपांत नेमकें उलट आहे: चौकोन रंगला तर दिवस सत्कारणीं लागला, कोरा राहिला तर वायां गेला. फ्रँकलिनच्या पद्धतींत सदाचरणाला साक्षीदार लागत नाहीं; नव्या पद्धतींत साक्षीवांचून सदाचरण जमेसच धरलें जात नाहीं. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याभोंवतींच फिरणार आहे.

आतां गणतीच्या बाजूनें जें बोलतां येईल तें प्रामाणिकपणें बोलूं. जपानांत १९६५ सालीं पावलें मोजणारें एक यंत्र विक्रीस आलें. त्याच्या नांवाचाच अर्थ दहा हजार पावलें मोजणारें असा होता. त्या दहा हजारांच्या मागें वैद्यकीय प्रयोग नव्हता. आकडा गोल आणि आकर्षक होता, एवढेंच. तरीही अशा यंत्रांचा उपयोग होतो. त्यांवरील २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत यंत्र वापरणारे लोक दिवसाला सुमारें २,५०० पावलें अधिक चालूं लागल्याचें दिसलें. आणि ज्यांच्यापुढें निश्चित लक्ष्य होतें त्यांना फायदा विशेष झाला. आपण दिवसभरांत काय करतों याची माणसाची स्वतःविषयींची कल्पना फार उदार असते. वही त्या उदारपणाला आळा घालते. आरशाला जें मोल आहे तेंच या नोंदीला आहे, आणि तें थोडें नाहीं.

परंतु आरशानें चेहरा दाखविण्यापलीकडे जाऊन पाहणाराला खडीसाखर देण्यास आरंभ केला, म्हणजे प्रश्न बदलतो. येथें बक्षिसाच्या मानसशास्त्राकडे वळणें प्राप्त आहे.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञानें पेटींत ठेवलेल्या उंदरांवर प्रयोग करून १९३८ सालीं आपला पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कळ दाबली कीं दाणा मिळतो, हें प्राण्याला कळलें कीं तो कळ दाबूं लागतो, यांत नवल नाहीं. नवल पुढें आहे. चार्ल्स फर्स्टर याच्यासह १९५७ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, दाणा दरवेळीं न देतां अनियमितपणें दिला, केव्हां तिसऱ्या टोचीला तर केव्हां विसाव्या, तर प्राणी अधिक चिकाटीनें टोचीत राहतो, आणि दाणे बंद झाल्यावरही लौकर थांबत नाहीं. जुगाराच्या अड्ड्यावरील माणसाला उठवत कां नाहीं, याचें उत्तर यांतच आहे. पुढें व्होल्फ्राम शुल्ट्झ व त्याचे सहकारी यांनीं १९९७ सालीं माकडांच्या मेंदूंतील डोपामिन या द्रव्याशीं संबंध असलेल्या पेशींविषयीं असें मांडलें कीं, रसाचा थेंब मिळेल अशी खूण एकदां ओळखीची झाली, म्हणजे त्या पेशी थेंबाच्या वेळीं उत्तेजित न होतां खुणेच्या वेळीं होतात. आणि अपेक्षिलेला थेंब चुकला तर त्यांचें काम नेहमींपेक्षांही मंद पडतें. म्हणजे मन सुखापेक्षां सुखाच्या चाहुलीला अधिक बांधलेलें, आणि चाहूल देऊन सुख न आलें तर आधींच्याहूनही खिन्न. मोबाइलवर सायंकाळीं येणारी आठवणीची घंटा ही अशीच चाहूल आहे.

याला आणखी दोन शोधांची जोड मिळाली. डॅनिएल काह्नमन व एमोस ट्वर्स्की यांनीं १९७९ सालीं दाखविलें कीं, जेवढ्याच्या लाभानें आनंद होतो, तेवढ्याच्याच हानीनें दुःख त्याहून पुष्कळ अधिक होतें. दुसरा शोध २००६ सालचा. मोटारी धुण्याच्या एका दुकानांत गिऱ्हाइकांना पत्रिका वांटल्या. कांहींना आठ शिक्के भरल्यावर एक धुलाई फुकट. कांहींना दहा शिक्के भरल्यावर, पण त्यांतले दोन आरंभींच मारलेले. काम दोघांनाही आठच शिक्क्यांचें. तरी पहिल्यांतले १९ टक्के लोकांनीं पत्रिका पुरी केली, दुसऱ्यांतले ३४ टक्के लोकांनीं. आरंभ झालाच आहे असें वाटलें कीं माणूस तें टाकवत नाहीं म्हणून पुढें नेतो.

हे चारही धागे एकत्र विणलेले पाहावयाचे असतील तर ड्युओलिंगो उघडावें. लुइस फॉन आन व सेवेरिन हॅकर यांनीं पिट्सबर्ग येथें २०११ सालीं ही संस्था काढली व पुढच्या वर्षीं ॲप सर्वांस खुलें झालें. कलाकृति म्हणून पाहिलें तर त्याचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं. पाठ छोटे, भाषा खेळकर, आणि हिरव्या घुबडाचें पात्र तर असें उभें केलें आहे कीं, कित्येक विनोदी लेखकांनीं हेवा करावा. पाठ पुरा झाला कीं गुण; गुणांवर आठवड्याची चढाओढ, कांस्य वर्गापासून हिऱ्याच्या वर्गापर्यंत चढण्याची व घसरण्याची; मधूनमधून पेटी उघडून निघणारीं रत्नें; आणि या सर्वांच्या मुळाशीं सलग दिवसांची साखळी, जिला तेथें 'स्ट्रीक' म्हणतात. एक दिवस चुकला कीं आकडा शून्यावर. तें संकट टाळावयाचें तर रत्नें खर्चून सवलत आधींच विकत घेऊन ठेवावी लागते. आठवणीचे निरोप आर्जवी असतात, रुसवे असतात. आपले निरोप उपयोगीं पडत नाहींत असें दिसतें, तेव्हां आतां आम्ही ते थांबवितों, अशा आशयाचा जो निरोप फार प्रसिद्ध झाला, त्यांतील रुसवा आपल्याकडच्या कोणत्याही आत्याबाईंना साधला नसता.

आमचा आक्षेप या कौशल्यावर नाहीं. तें कौशल्य कोठें वळविलें आहे, त्यावर आहे. साखळी टिकविण्यास एक लहानसा पाठ पुरतो. रात्रीं पावणेबारा वाजतां अर्धवट झोपेंत दोनतीन मिनिटें बोट फिरविलें तरी दिवस जमा होतो; आणि दोन तास बसून एखादें फ्रेंच पुस्तक अडखळत वाचलें, पण ॲप उघडलें नाहीं, तर दिवस वजा होतो. म्हणजे मोजली जाते ती भाषेची प्रगति नव्हे. मोजली जाते हजेरी. चढाओढींत तर कठीण धडा नीट समजून घेण्यापेक्षां सोपे पाठ भराभर उरकणें फायद्याचें ठरूं शकतें. मुदलापेक्षां व्याज मोठें झालें कीं सावकारी बिघडते. येथें तसेंच झालें आहे. आणि याचें कारण शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. ही संस्था २०२१ सालीं शेअरबाजारांत उतरली. दररोज किती लोक ॲप उघडतात, हा आकडा ती दर तिमाहीला भागीदारांपुढें ठेवते. विद्यार्थ्याच्या घरीं जी साखळी, तीच दुकानदाराच्या वहींत पुंजी. विद्यार्थी भाषा शिकून निघून गेला, तर शिक्षकाला धन्यता वाटावी. पण हजेरीवर ज्याचा हिशेब आहे, त्याला तो तोटा वाटणार.

बक्षीस देऊन काम करविण्याचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे, आणि मुलांच्या आईबापांनीं त्याकडे विशेष लक्ष द्यावें. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट या तिघां मानसशास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडींतलीं तीन ते पांच वर्षांचीं, चित्रें काढण्याची मुळांतच आवड असलेलीं मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींना सांगितलें कीं, चित्र काढलेंत तर सोनेरी तारा व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना कांहींच न सांगतां चित्र झाल्यावर तेंच पत्र अवचित दिलें. कांहींना कांहींच दिलें नाहीं. एकदोन आठवड्यांनंतर रंगीत पेनें वर्गांत मोकळीं ठेवून मुलांकडे दुरून पाहिलें. बक्षीस ठरवून ज्यांनीं चित्रें काढलीं होतीं, तीं मुलें आतां इतरांच्या मानानें सुमारें निम्माच वेळ चित्रांत घालवीत होतीं. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झालेली नव्हती. म्हणजे दोष ताऱ्यांत नव्हता, सौद्यांत होता. ज्या कामांत मूल स्वतःहून रमत होतें, तें काम ताऱ्याच्या बदल्यांत करावयाचें काम आहे, असें त्याला शिकविलें गेलें. तारा गेला, तेव्हां काम करण्याचें कारणही गेलें.

या निष्कर्षावर वाद झाले नाहींत असें नाहीं. बक्षिसानें एकंदरींत हानि होत नाहीं, असें १९९४ सालीं कॅमेरॉन व पिअर्स यांनीं मांडलें. त्याला उत्तर म्हणून एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर व रिचर्ड रायन यांनीं १९९९ सालीं १२८ प्रयोगांचा आढावा घेऊन सांगितलें कीं, आधीं ठरवून दिलेलें वस्तुरूप बक्षीस आवडीच्या कामाची गोडी कमी करतें, पण मनापासून केलेली शाबासकी ती वाढविते. आणि ज्या कामांत मुळीं गोडीच नाहीं, तेथें बक्षिसाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. अमेरिकेंतील एका मोठ्या कंपनीच्या ८७८ नोकरांवर धूम्रपान सोडविण्याचा प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना टप्प्याटप्प्यानें मिळून ७५० डॉलरपर्यंत रक्कम देऊं केली होती, त्यांतले ९.४ टक्के लोक दीड वर्षाच्या सुमारासही व्यसनापासून दूर होते. ज्यांना रक्कम नव्हती त्यांतले ३.६ टक्के. ओखदाच्या गोळीला साखर लावावी, याला कोणाची हरकत असणार? आमची हरकत आंब्याला साखर लावण्यास आहे. वाचन, गाणें, चित्र, नवी भाषा, सायंकाळचा फेरफटका, हे आंबे आहेत. त्यांवर गुण, रत्नें व हिऱ्याचे वर्ग यांचा थर चढविला, तर मुलाच्या जिभेला फळाची चव कधीं कळणार?

आतां साखळीकडे येऊं. नव्या सवयींत आरंभीं एकही खंड पडूं देऊं नये, हा उपदेश जुना आहे. विल्यम जेम्स यानें १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथांत तो केला, आणि गुंडाळतां गुंडाळतां हातून निसटलेल्या सुताच्या गुंड्याचा दृष्टान्त दिला. एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूतही घरोघर ऐकूं येते. तिचें मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या शस्त्रवैद्याच्या १९६० सालच्या पुस्तकांत आहे, आणि तेथें तरी गोष्ट एवढीच होती कीं, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटण्यास निदान तितके दिवस लागतात. प्रत्यक्ष पाहणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत फिलिपा लॅली व तिच्या सहकाऱ्यांनीं. ९६ स्वयंसेवकांनीं प्रत्येकीं एक साधी गोष्ट, जेवणाबरोबर फळ खाणें किंवा जेवणाआधीं धांवणें अशासारखी, बारा आठवडे करून पाहिली. २०१० सालीं छापलेल्या त्या निबंधाप्रमाणें सवय आपोआप घडूं लागण्यास कोणास १८ दिवस पुरले, तर कोणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला; मधला आकडा ६६ चा. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें पुढें आहे: मधला एखादा दिवस चुकल्यानें सवय लागण्यांत म्हणण्यासारखा अडथळा आला नाहीं.

हें खरें असेल, तर एका चुकीसाठीं दोनशें दिवसांचें शून्य करणारा हिशेब खोटा ठरतो. दोनशें दिवसांत मनाला जें वळण लागलें, तें दोनशें एकाव्या दिवशीं आजारी पडल्यानें पुसलें जात नाहीं. तथापि आकडा तसें सांगतो, आणि पाहणाराचा आकड्यावर विश्वास बसलेला असतो. मग दोनपैकीं एक होतें. एक तर शून्य पाहून माणूस म्हणतो, मोडलेंच आहे तर आतां मोडूंच द्या. आणि जें टिकलें असतें तेंही टाकतो. किंवा शून्याच्या भीतीनें तो इतका बांधला जातो कीं, तापांत, प्रवासांत, घरच्या दुःखाच्या दिवशींही तो खूण करीत राहतो, आणि हें आपण कशासाठीं करतों याचा त्याला विसर पडतो. पहिल्याचें धैर्य गेलें, दुसऱ्याचा आनंद गेला. आरंभीं जी गोष्ट हवीशी म्हणून धरली, ती शेवटीं गमवावयाची नाहीं म्हणून धरून ठेवावी लागते.

उरलेल्या दोन ॲपांची तुलना येथें उद्बोधक होईल. हॅबिटिका २०१३ सालीं दुसऱ्या नांवानें निघालें. त्यांत आपलें एक चिमुकलें पात्र असतें. नित्याचें काम केलें कीं त्याला अनुभव व सोनें मिळतें, चुकलें कीं त्याच्या आयुष्यांतून कांहीं भाग कमी होतो. मंडळी जमवून राक्षसाशीं युद्ध मांडलें असेल, तर एकाच्या आळसाचा घाव साऱ्या मंडळीला बसतो. खेळ म्हणून हें मोठें गमतीचें आहे. शिवाय दोन गोष्टी त्याच्या जमेस धराव्या लागतात. बक्षीस काय असावें हें माणसाला स्वतः ठरवितां येतें. मिळविलेलें सोनें खर्चून आपणच लिहून ठेवलेली चैन विकत घ्यावयाची. आणि आजारपणांत वा प्रवासांत पात्राला विश्रांतीस धाडून हानि थांबविण्याची सोय आहे. ज्यानें ही सोय केली त्याला माणसाचें आयुष्य ठाऊक आहे. पण खेळाचा मोह खेळाचाच. घर झाडण्याचें काम राक्षसाला मारण्यासाठीं होऊं लागलें, तर राक्षस मेल्यावर केर कोण काढणार, ही शंका राहतेच.

लूप हॅबिट ट्रॅकर त्या मानानें अगदीं रूक्ष आहे. विनामूल्य, जाहिरात नाहीं, पात्र नाहीं, रत्न नाहीं. त्यांत सवयीच्या बळाचा एक आकडा असतो. खूण केली कीं तो हळूहळू चढतो, चुकली कीं थोडा उतरतो. पण दीर्घ अभ्यासानंतरच्या एकदोन खंडांनीं सर्वस्वीं कोसळत नाहीं. लॅलीच्या पाहणीशीं जुळणारा असा हा हिशेब आहे. या तिघांत वाङ्मयगुण सर्वांत कमी याच्यांत, आणि सचोटी सर्वांत अधिक. टीकाकाराला असा निर्णय देणें सुखाचें नसतें. पण पुष्कळशा उत्तम लिहिलेल्या पुस्तकांविषयींही तो द्यावा लागतो.

आतां ज्या व्रतांचा उल्लेख आरंभीं केला, त्यांकडे पुन्हा पाहूं. आपल्या पूर्वजांनीं मोजण्याची योजना केली, परंतु तिला तीन कुंपणें घातलीं. पहिलें कुंपण समाप्तीचें. सोळा सोमवार सोळाच, सतराव्याला उद्यापन. चातुर्मासाचा नेम कार्तिकींत सुटतो. संकल्प सोडण्याचा दिवस संकल्प करतांनाच ठरलेला असतो. दुसरें कुंपण अपवादाचें. सुतक आलें, अंथरूण धरलें, तर पूजा दुसऱ्याच्या हातून करवावी, राहिलेला दिवस पुढें भरून काढावा, अशी वाट घरांतील वडीलधारीं माणसें दाखवीत आलीं आहेत. त्यासाठीं कोणाला रत्नें मोजावीं लागत नाहींत. तिसरें कुंपण झांकणाचें. जपमाळ गोमुखींत ठेवून फिरवावयाची. किती झाला तें दुसऱ्यानें पाहूं नये, आणि करणारानेंही सारखें पाहात बसूं नये. मेरुमण्याशीं आलें कीं तो न ओलांडतां माळ फिरवावी, म्हणजे मोजतां मोजतां मन एकदां थांबावें. या तिन्ही योजनांचा हेतु एकच दिसतो: संख्येनें हात धरून दारापर्यंत न्यावें, आंत येऊं नये.

आम्ही हें जुन्या गोष्टींच्या अभिमानानें म्हणत नाहीं. व्रतांतही दांभिकपणा शिरला, लक्ष पुरें करण्याच्या घाईंत देव राहून गेला, याचे दाखले आपल्या संतांनींच पुष्कळ दिले आहेत. पण रोग ओळखीचा होता आणि पथ्य सांगितलेलें होतें. नव्या ॲपांत, विशेषतः ज्यांची कमाई हजेरीवर आहे त्यांत, हीं तिन्ही कुंपणें काढून टाकलेलीं आहेत. समाप्ति नाहीं, कारण समाप्ति म्हणजे गिऱ्हाईक गेलें. अपवाद आहे, पण विकाऊ. आणि झांकण तर नाहींच. उलट आपला आकडा चार मित्रांस दाखवा, असा आग्रह. हें व्रत घेतां येतें, पण त्याचें उद्यापन करतां येत नाहीं.

यावर असें उत्तर येईल कीं, माणूस स्वभावतः आळशी आहे. घुबडानें रुसून दाखविलें नसतें, तर लाखों लोकांनीं दुसऱ्या आठवड्यांतच पाठ सोडले असते. यांत तथ्य आहे, आणि ज्या माणसाला या रुसव्यामुळें चार शब्द स्पॅनिश आले, त्याचें आम्ही अभिनंदनच करतों. पण पांगुळगाड्याची परीक्षा मूल तो धरून किती दिवस चाललें यावरून करीत नाहींत. तो सोडून केव्हां चालूं लागलें, यावरून करतात. फ्रँकलिनच्या वहीचा शेवट या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. आरंभीं वर्षांत चार आवर्तनें करणारा तो पुढें वर्षाला एकच करूं लागला, मग कित्येक वर्षांत एक, आणि शेवटीं प्रवास व कामें यांच्या गर्दींत तें सुटलें. वही मात्र तो जवळ बाळगीत असे. व्यवस्थितपणा त्याला अखेरपर्यंत साधला नाहीं, हें त्यानें हसत लिहून ठेवलें आहे. तरी त्या खटाटोपानें आपण आधींपेक्षां बरा व सुखी झालों, असा त्याचा निर्वाळा आहे. ज्याची साखळी तुटली त्याला असा निर्वाळा देण्याची सोय ड्युओलिंगोंत नाहीं. तेथें त्याच्या नांवापुढें शून्य असतें.

म्हणून घरांतल्या कर्त्या माणसांस आमचें सांगणें एवढेंच आहे. ॲप वापरूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण घेतांनाच त्याच्या उद्यापनाचा दिवस ठरवावा. दोन महिने, तीन महिने. सवय लागली असें वाटलें कीं एक आठवडा नोंद बंद ठेवून पाहावी. नोंदीवांचून मूल पुस्तक उघडीत असेल, तर साधनानें आपलें काम केलें. त्याला नारळ देऊन निरोप द्यावा. उघडीत नसेल, तर इतके दिवस तें पुस्तक वाचीत होतें कीं चौकोन रंगवीत होतें, हें आईबापांस कळेल, आणि तें कळणेंही थोडें नाहीं. ज्या कामांत गोडी नाहीं त्याला खुशाल बक्षीस लावावें. ज्यांत आहे, तेथें हात आंखडता घ्यावा, आणि कौतुक करावयाचें तर सौदा न ठरवितां, अवचित करावें. एवढें पथ्य पाळलें तर हीं यंत्रें आपल्या घरांत सुखानें नांदतील. त्यांच्या कर्त्यांनीं स्वतःच अशा समाप्तीची योजना त्यांत केली, तर त्यांच्या कृतीचें पुन्हा परीक्षण करण्यास आणि मोकळ्या मनानें स्तुति करण्यास आम्हांस आनंदच वाटेल.